उत्तर कुणाजवळ असतं?

मास्तर म्हणतात, जुन्या कोड्यांत बुद्धीला काही काम नाही. उत्तर आधी ऐकलेलं असलं की येतं, नसलं की येत नाही; याला फार तर पाठांतर म्हणावं. आक्का म्हणते, मास्तरांच्या गणिती कोड्यांत माणसांनाच काही काम नाही. एखादं हुशार पोरगं उत्तर देऊन मोकळं होतं आणि बाकीचे त्याच्या तोंडाकडं बघत बसतात. दोघं धाराशिव जिल्ह्यातल्या लोहारा तालुक्याचे, एकाच गावचे, एकाच गल्लीतले, चौथीपर्यंत एकाच वर्गात बसलेले. पुढं आक्काची शाळा सुटली आणि ती रानात राबली. मास्तरांनी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवण्यात नोकरी काढली. कोडी घालायचा नाद दोघांनाही सारखाच, आणि हा वादही तितकाच जुना. या खेपेला तो येळवशीच्या दुपारी पेटला. मी तिथंच बसलेलो होतो.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावस्या. लातूर-धाराशिवकडं आणि सीमेपलीकडच्या बिदर-कलबुर्गीच्या पट्ट्यात त्या दिवशी गावं ओस पडतात आणि रानं भरतात. कडब्याची कोपी, आत चुना लावलेले पाच दगडांचे पांडव, त्यांची पूजा, मग भज्जी, उंडे, खीर आणि लोटाभर आंबील. पुण्या-मुंबईला गेलेली पोरंसुद्धा या एका दिवसासाठी रजा काढतात. जेवणं झाली की माणसं कोपीत आणि बांधावर आडवी होतात आणि कुणीतरी कोडं टाकतं. या रानात ते कुणीतरी म्हणजे आक्काच.

आक्का : ऐका रे. तीन पायांनी चालती, माती चिरत जाती. वरून भरवा मूठ मूठ, पोटात काही न ऱ्हाती. सांगा.

कुणी तिपाई म्हणालं, कुणी फोटोवाल्याचं तीन पायांचं स्टँड म्हणालं. पुण्याहून आलेला भाचा मात्र सावरून बसला आणि म्हणाला, ‘ऑटोरिक्षा. तीन चाकं. माणसं भरतात, शेवटी सगळी उतरतात, पोटात काही राहत नाही.’ सगळे हसले. आक्का म्हणाली, ‘चूक. तिफण.’

मास्तर : माझी तक्रार हीच आहे, आक्का. पोरानं डोकं चालवलं, एकेक खूण लावून बघितली. तू एका शब्दात त्याला उडवलंस. का चूक? तुझ्याजवळ उत्तर आधीपासून ठरलेलं आहे म्हणून. मी वर्गात असं केलं असतं तर त्या पोरानं पुन्हा हात वर केला नसता.

आक्का : रिक्षा माती चिरती का?

मास्तर : पावसाळ्यात आपल्या पांदीनं आण, चिरते.

आक्का : आणि मूठ? माणसं काय मुठीनं भरत्यात? कोड्यातला शब्द न शब्द बसाया पायजे. तीन पाय बसले, पोट बसलं, मूठ न्हाई बसली. म्हणून चूक.

मास्तर : मग हेच त्याला आधी सांगायचं होतंस. तू नुसतं ‘चूक’ म्हणून थांबलीस. कुठं चुकलं ते सांगितलं असतंस तर त्याला पुढची वाट दिसली असती.

इथं मास्तरांचं खरं होतं, आणि आक्कालाही ते पटलं असावं, कारण ती भाच्याकडं वळली आणि तिनं हात पुढं केला. तिफणीला तीन फण असतात. प्रत्येक फणामागं एक पोकळ नळी, आणि तिन्ही नळ्या वर लाकडाच्या चाड्यात येऊन मिळतात. चाड्यावर मूठ धरणारा माणूस बैलांच्या चालीबरोबर चालतो आणि अंगठा नि बोटांच्या फटीतून दाणे सोडत राहतो. तिन्ही भोकांना सारखं बी गेलं पाहिजे. आक्काची मूठ हवेत उघडत-मिटत होती, अंगठा दर वेळी तेवढाच सरकत होता. मूठ चुकली तर त्या दिवशी कुणाला काही कळत नाही. आठ दिवसांनी कोंब वर आले की अख्खं शिवार बघतं, कुठं दाट झालंय आणि कुठं पात मोकळी गेलीय. भाच्यानं ट्रॅक्टरचं पेरणी यंत्र पाहिलेलं होतं. मूठ त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

मास्तर : बघ, एवढं दाखवल्यावर त्याला कोड्याची गोडी कळली. पण हे तू कोड्याच्या नंतर दाखवलंस. जी वस्तू पोरांनी पाहिलीच नाही, तिच्यावर कोडं घालणं न्यायाचं आहे का? मी गणित घालताना लागेल ती सगळी माहिती आत देतो. वरून काही आणावं लागत नाही.

आक्का : तुझ्या गणितात वरून काही आणाया लागत न्हाई, म्हणून ते कुठलंच नसतं. आमचं कोडं इथलं हाय. हे घे दुसरं. भर दुपारी घरात रुपया पडतो, सरकत सरकत भिंतीला चढतो. उचलाया गेलं तर हाती न्हाई, सांज झाली की कुठंच न्हाई.

पोरं गप्प झाली. मास्तरही गप्प झाले, पण त्यांना उत्तर ठाऊक होतं म्हणून. माळवदाच्या झरोक्यातून घरात उतरणारा उन्हाचा कवडसा.

या भागात माळवद हा शब्द सहज उच्चारता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. केंद्र किल्लारीजवळ, लातूर जिल्ह्यात. पण आज लोहारा तालुक्यात असलेल्या सास्तूरसारख्या गावांनाही त्यानं तसंच धुळीला मिळवलं. जाड दगड-मातीच्या भिंती आणि वर मातीच्या माळवदाचं ओझं. उन्हाळ्यात गारवा देणारं ते छतच झोपेतल्या माणसांवर आलं. मग कितीतरी गावं नव्या जागी वसली. रस्ते रुंद झाले, घरं सुटी-सुटी झाली, छपरं पत्र्याची आणि सिमेंटची आली. त्या घरांत वाढलेल्या दोन पिढ्यांना छतातून पडणारा रुपया माहीत असायचं कारण नाही.

मास्तर : त्या पहाटेनंतर माळवदाबद्दल वर्गात मला चांगलं बोलताच आलं नाही. आणि मुद्दा माझा तोच आहे, आक्का. हे कोडं आता कोडं राहिलं नाही. जे सुटणारच नाही त्याला कोडं म्हणत नाहीत.

आक्का : त्या माळवदानं आमची माणसं नेली. मला सांगाया लागत न्हाई. पण त्याच घरात मी त्या रुपयामागं रांगले होते, तेबी खरंच हाय ना?

तेवढ्यात भाच्याची धाकटी बहीण, सात-आठ वर्षांची, घोंगडीवर बोट टेकवून म्हणाली, ‘आज्जी, हा का?’ कोपीचा कडबा एका ठिकाणी विरळ झाला होता. तिथून सूर्य आत आला होता आणि घोंगडीवर रुपयाएवढा गोल पडला होता. ती बोटानं त्याला दाबत होती आणि तो बोटावर चढत होता.

मला वाटलं, वाद इथंच मिटला. मिटला नाही, आणि तेच बरं झालं.

मास्तर : सुटलं, मान्य. पण कोपीमुळं सुटलं. वर्गात हिला हे कोडं घातलं असतं तर?

आक्का : वर्गात कशाला घालायचं? मी कोपीत घातलं. कोडं कुठं बसून घालायचं, कुणाला घालायचं, हे काय कोड्याच्या भाईर असतंय? नळदुर्गचं घे. पाण्याच्या पोटात कोरडी खोली, वरून धो धो, आत थेंब न्हाई. किल्ला बघितलेल्या पोराला घातलं की टपकन सांगतंय. न बघितलेल्याला घातलं की ते म्हणतंय, एकदा घेऊन चला.

नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर धरण बांधून त्याच्या भिंतीच्या पोटातच पाणीमहाल काढला आहे. काम दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या काळातलं. पावसाळ्यात धरण ओसंडतं, नर-मादी धबधबे कोसळू लागतात आणि महालाच्या झरोक्यासमोर पाण्याचा पडदा उभा राहतो. आत उभा राहणारा कोरडा. हे कोडं आक्कानं रचलं की तिच्याआधी कुणी, हे मी तिला विचारलं. ती म्हणाली, कुणीतरी रचलंच असेल की. यावर काय बोलणार? कोडी अशीच चालत येतात. काट्यात पडलेल्या हिरव्या पेटीतले मोती म्हणजे भेंडी आणि बत्तीस चिऱ्यांमधली नागीण म्हणजे जीभ, हे कुणाच्या नावावर नाही. उमरग्याकडच्या कितीतरी सुना कन्नड मुलखातून येतात. तिकडं कोड्याला ओगटु म्हणतात, आणि सासर-माहेरच्या वाटेवर कोड्यांची अदलाबदल आपोआप होते.

मग मास्तरांची पाळी आली.

मास्तर : एक पोपट फांदीवर बसला होता. समोरून थवा गेला. हा म्हणाला, ‘शंभर जण, राम राम.’ थव्यातला म्हातारा म्हणाला, ‘शंभर नाही रे बाबा. आम्ही आहोत तेवढे, तेवढेच आणखी, आमच्या निम्मे, आमच्या पाव, आणि तू एक. एवढे मिळून शंभर होतील.’ तर थव्यात किती?

भाच्यानं ‘एक्स धरू’ म्हणून मोबाइल काढला. आक्कानं कडब्याची धाटं पुढं ओढली.

आक्का : पाव म्हंजी एक वाटा धर. मग आमी म्हंजी चार वाटे. तेवढेच आणखी, चार. निम्मे दोन. पाव एक. चार नि चार आठ, आठ नि दोन धा, नि एक अकरा. तो फांदीवरचा आगाऊ सोड, ऱ्हायले नव्याण्णव. अकरा वाट्याला नव्याण्णव, तर वाट्याला नऊ. आमी चार वाटे. छत्तीस.

तिनं धाटांचे ढीग मांडून दाखवले तेव्हा भाच्याचं समीकरण अजून अर्ध्यावर होतं. मास्तरांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो पाहण्यासारखा होता. आक्कानं आयुष्यभर बटईचे वाटे घातलेत: बियाणं कुणाचं, खत कुणाचं, निम्मं कुणाला, पाव कुणाला. आणि ती शाळेत होती तोवर तिथं पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी अशी अपूर्णांकांची पाढेमाळ घोकून घेत. छत्तीस पाव नऊ हे तिच्या जिभेवर बसलेलं आहे. आजच्या मुलांना तेच उत्तर समीकरणानं काढावं लागतं. समीकरण वाईट नाही; पण वाटे घालण्यात प्रत्येक आकड्याला वजन असतं, तो कुणाचा आहे हे कळतं. गणित शिकवणाऱ्यांनी हे पाढे फार लवकर टाकून दिले, असं मला ठामपणे वाटतं.

मास्तर : आता मला सांग. हे कोडं तू आधी ऐकलं होतंस?

आक्का : न्हाई.

मास्तर : कुणी उत्तर सांगितलं?

आक्का : न्हाई.

मास्तर : मग आलं कसं? माझं म्हणणं एवढंच आहे. या कोड्याचं उत्तर कुणाच्या घरात ठेवलेलं नाही, ते कोड्याच्या आतच आहे. जो खणेल त्याला मिळेल. लोहाऱ्यातल्या पोराला मिळेल आणि लंडनातल्याही. नावेचं कोडं घे: वाघ, शेळी आणि गवताचा भारा, नावेत माणसाबरोबर एकच मावतं. तेच कोडं लांडगा, शेळी आणि कोबी घेऊन युरोपातल्या अल्क्विन नावाच्या विद्वानाच्या संग्रहात सापडतं, सुमारे १२०० वर्षांपूर्वीच्या. वाघाचा लांडगा झाला, गवताचा कोबी झाला, उत्तर जागचं हललं नाही.

आक्का : त्यात शेळीला तीनदा पाणी वलांडाया लागतं. आधी शेळी न्यायची, मग वाघ नेऊन शेळी मागं आणायची, मग गवत न्यायचं, मग पुन्हा शेळी. ज्यानं ते कोडं केलं त्यानं कधी शेळी पाण्यात घातली न्हाई. ती पाय रोवती, ओरडती. माझी उस्मानाबादी एकदासुदिक ओढ्यातनं न्यायची म्हणलं तर दोन माणसं लागत्यात.

मास्तर हसले, पण मी त्यावर बराच विचार केला. गणिती कोड्यातली शेळी म्हणजे एक अट असते. आक्काच्या कोड्यातली शेळी ओरडते. दोन्ही खरे खेळ आहेत आणि एकानं दुसऱ्याची जागा घेऊ नये.

आक्का : आणि माझं दुसरं म्हणणं ऱ्हायलंच. मी उत्तर सांगितलं, सगळ्यांनी ऐकलं, संपलं. ही काकू बसलीय, ती बसलीय, त्यांनी काय केलं? माझ्या कोड्यात काकू चार चुकीची उत्तरं देती, हसती, हसवती. तुझ्या कोड्यात चुकीचं उत्तर द्यायची भ्या वाटती.

मास्तर : हे मात्र मी वर्गात रोज बघितलंय. पण तुझी कोडी काय सगळी दयाळू असतात? रुखवतावर बसून नव्या नवरीला कोडी घालायची, उत्तर आलं नाही की आईनं काही शिकवलं नाही म्हणून हिणवायचं. मी लहान असताना हे बघितलंय. सोळा-सतरा वर्षांची पोर, परकं गाव, घाबरलेली, आणि दहा बायका तिच्याभोवती.

आक्का : मी त्या पोरीच्या जागी बसलेय, मास्तर. मला तव्याचं कोडं घातलं होतं. उत्तर येत होतं, तोंडातनं निघाना. म्हणल्या, दगड हाय. मी पुढं कुठल्याच सुनेला परीक्षा म्हणून कोडं घातलं न्हाई.

यावर काही क्षण कुणी बोललं नाही. मग मास्तरांनी तेरची गोष्ट काढली. तेर याच जिल्ह्यात, धाराशिव तालुक्यात; ‘पेरिप्लस’ या प्राचीन ग्रीक प्रवासवर्णनात ज्याचा उल्लेख आहे ते व्यापारी तगर हेच, आणि संत गोरा कुंभारांचं, म्हणजे गोरोबाकाकांचं गावही हेच. परंपरा सांगते, की संतमंडळी गोरोबांकडं जमली असताना मुक्ताबाईंनी कुंभाराचं थापटणं बघून विचारलं, हे कशाला? गोरोबा म्हणाले, मडकं भाजलंय की कच्चं आहे ते यानं कळतं. मुक्ताबाई म्हणाल्या, मग आमचीही मडकी तपासा. गोरोबांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारलं. बाकीच्यांनी सोसलं, नामदेवांना राग आला आणि त्यांचंच मडकं कच्चं ठरलं.

मास्तर : नामदेव दुखावले, पण त्यातूनच औंढ्याला गुरू विसोबा खेचरांकडं गेले. प्रश्न टोचलाच नाही तर माणूस हलत नाही.

आक्का : नामदेवाला जायाला औंढ्याची वाट होती. नव्या सुनेला कुठली वाट होती? सगळे संत एकमेकांचे सोबती होते, म्हणून ते थापटणं चाललं. सोबत्यानं घातलेलं कोडं येगळं, वरचढानं घातलेलं येगळं.

या एका वाक्यावर मी आक्काच्या बाजूनं आहे. कलगी-तुऱ्याच्या भेदिक शाहिरीत एक फड शक्तीचा मोठेपणा गाई, दुसरा शिवाचा, आणि सवाल-जवाबांत रात्र सरे. तिथं समोर बसलेला तुल्यबळ असे. अडवलेला शाहीर दुसऱ्या दिवशी नवा सवाल घेऊन येऊ शकत असे. कोड्याला अशी उलटी फेड करायची मुभा हवी. ज्याला परत कोडं घालता येत नाही, त्याला कोडं घालणं म्हणजे खेळ नव्हे.

दरम्यान भाच्यानं मोबाइलवर दोन-तीन जुनी कोडी शोधून उत्तरांसकट वाचून दाखवली. आक्का आणि मास्तर दोघंही एका सुरात त्याच्यावर ओरडले. ‘उत्तर फोडू नको!’ त्या दुपारी दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं ते इथं. मास्तर वर्गात प्रश्न टाकला की खिडकीबाहेर बघत उभे राहत, म्हणजे मुलांना घाई वाटू नये. आक्का कोडं टाकते आणि शेंगा फोडायला घेते. मधला तो वेळ दोघंही जपतात.

मास्तर : मी तुला एक कोडं देऊन जातो. हे आपल्या सीमेपलीकडचं, पण फार लांबचं नाही. मळखेड, राष्ट्रकूटांची राजधानी. अमोघवर्ष नृपतुंगाच्या काळात, नवव्या शतकात, महावीराचार्य नावाचे जैन गणिती होऊन गेले. ‘गणितसारसंग्रह’ हा त्यांचा ग्रंथ. त्यात हे आहे. तीन व्यापाऱ्यांना वाटेत पैशांची थैली दिसली. पहिला म्हणाला, ही थैली मला मिळाली तर तुम्हा दोघांच्या मिळून पैशांच्या दुप्पट माझ्याकडं होतील. दुसरा म्हणाला, मला मिळाली तर तुम्हा दोघांच्या तिप्पट. तिसरा म्हणाला, मला मिळाली तर पाचपट. लहानात लहान पूर्ण आकड्यांत सांग, थैलीत किती आणि प्रत्येकाजवळ किती?

आक्का : थैली कुणाची होती?

मास्तर : कुणाची तरी.

आक्का : मग आधी त्याला हुडकाया पायजे.

पण ती धाटं जुळवायला लागली होती.

मास्तरांच्या मनात एक पुस्तिका आहे. शाळेतल्या मुलांसाठी, पुढं कोडी आणि मागच्या पानांवर उत्तरं. यावरून दोघांचं वर्षभर बिनसलेलं होतं. आक्काचं म्हणणं, लिहिलं की मेलं. पोरं मागचं पान आधी उघडतात. मास्तरांचं म्हणणं, लिहिलं नाही तर तुझ्याबरोबर जाईल. मास्तरांनी पुन्हा तो विषय काढला, आणि मला वाटलं आता तेच जुनं रामायण.

आक्का : तू मघाशी काय म्हणालास? तुझ्या कोड्याचं उत्तर कोड्याच्या आतच असतंय?

मास्तर : हो. आणि बरोबर आलं की नाही तेही ताडून बघता येतं. थैलीचे पैसे पहिल्याच्या पैशात मिळव, दोघांच्या बेरजेची दुप्पट होते का बघ. तिन्ही जुळले की झालं. मला विचारायला यायची गरज नाही.

आक्का : मग तुझी उत्तरं छापतोस कशाला? ती कुठं जात न्हाईत. शंभर वर्सानं कुणीबी काढंल. माझी छाप. माझं उत्तर कोड्यात न्हाई, ते भाईर हाय: तिफणीत, माळवदात, माझ्या मुठीत. तिफण गेली, मी गेले, की कोडं ऱ्हाईल आणि उत्तर कुणालाच सांगता येणार न्हाई.

मास्तर बराच वेळ काही बोलले नाहीत. मलाही हे आधी सुचलं नव्हतं. आपण नेहमी उलटं धरून चालतो, की लोककोडं सोपं म्हणून त्याचं उत्तर सांगायला नको आणि गणिती कोडं अवघड म्हणून त्याचं उत्तर द्यायलाच हवं. टिकण्याच्या हिशेबानं पाहिलं तर महावीराचार्यांची थैली ११०० वर्षांहून अधिक काळ उत्तर आत घेऊन सुखरूप आली, आणि त्या मानानं कालपरवापर्यंत दर घरात पडणारा रुपया एका पिढीत अनोळखी झाला.

मी मध्ये पडून जात्यावरच्या ओव्यांचं उदाहरण दिलं. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, गाणारीचं नाव आणि गाव यांसकट. नाव-गाव ठेवल्यामुळं ती ओवी कुठल्या रानातली, कुठल्या घरातली, ते कळतं. आक्काला हे पटलं.

आक्का : तसंच कर. कोडं, त्याखाली सांगणारीचं गाव, आणि वस्तूचं चित्र. नुसतं ‘तिफण’ लिहून काय समजणार? चाडं काढ, नळ्या काढ, मूठ कशी धरायची ते काढ.

मास्तर : आणि कवडशाचं?

आक्का : त्याला चित्र नको. पत्र्याला भोक पाडा म्हणून लिही. नाहीतर पुठ्ठ्याला भोक पाडून उन्हात धरा म्हण.

मास्तर : आणि माझी उत्तरं छापायचीच नाहीत? गरीब पोरगं, घरात विचारायला कुणी नाही, रात्रभर अडून बसेल. त्याला निदान एक खूण तरी हवी. ‘पावाला एक वाटा धरा’ एवढं मी लिहिणार.

आक्का : तेवढं लिही. त्याच्या म्होरं एक अक्षर नको.

हे ठरलं, पण नवी कोडी घ्यायची की नाही, हे ठरलं नाही. कारण घोंगडीवरच्या पोरीनं तेवढ्यात स्वतःचं कोडं केलं होतं. शेतभर झोपला काळा साप, चावत नाही. अंगाला त्याच्या घाम सुटतो, चालत नाही. मास्तरांनी लगेच ओळखलं, ठिबकची नळी. त्यांना ते इतकं आवडलं की वहीत पहिल्या पानावर घ्यायला निघाले.

आक्का : थांब. साप झोपला, साप काळा, हे कुणीबी म्हणंल. घाम सुटतो, हे बेस हाय. पण घाम अंगभर सुटतो, आणि ठिबक ठरल्या जागीच गळती. शब्द बसला न्हाई.

मास्तर : सात वर्षांची आहे ती, आक्का.

आक्का : म्हणूनच सांगायलेय. मघाशी तूच म्हणालास ना, कुठं चुकलं ते सांगावं? पोरी, जा, त्या नळीला हात लावून ये. दोन भोकांच्या मधी किती वीत जागा हाय ते मोज, आणि मग मला सांग, सापाला तसं काय असतंय.

पोरगी उठून ठिबकच्या ओळीकडं पळाली. मास्तर म्हणाले, ‘मी ते आत्ता हाय तसंच घेणार, सुधारलेलं शेजारी घेऊ.’ आक्का म्हणाली, ‘बघू, ती काय आणती ते.’